लसीची राखण : फ्लूची लस आणि दवाखान्यातील शीतकपाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी शीतकपाटावर, म्हणजे साध्या शब्दांत फ्रिजवर, व्याख्यान व्हावे याचे काहींना आश्चर्य वाटेल. धर्मादाय दवाखाने चालविणे आणि आरोग्य शिबिरे भरविणे हा जैन समाजाच्या सेवाकार्याचा जुना भाग आहे. शिबिराचा फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, किती जणांनी लाभ घेतला याचा आकडा वार्षिक अहवालात छापला जातो. परंतु दंडात टोचली जाण्यापूर्वी ती लस कोठे होती, किती अंशांत होती आणि कोणाच्या देखरेखीखाली होती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अहवालात त्यासाठी रकाना नसतो. आजचा विषय त्या न छापल्या जाणाऱ्या रकान्याचा आहे.

फ्लू म्हणजे नेहमीचे पडसे नव्हे. वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांना तो प्राणघातक ठरू शकतो. २००९ चा पावसाळा महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात घेतला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या आणि तोंडाला फडके बांधून फिरणारी माणसे पुण्याने तेव्हा प्रथमच एवढ्या संख्येने पाहिली. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने त्या विषाणूवरची टोचण्याची लस बाजारात आणली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची लस तयार केली. त्यानंतर २०१५ आणि २०१७ मध्येही त्या रोगाने महाराष्ट्रात डोके वर काढले. फ्लूची लस घेणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढत गेली.

या लसीचे एक वैशिष्ट्य असे की ती दरवर्षी नवी लागते. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, हिवाळ्यात त्याची लहानशी पुनरावृत्ती होते. लस टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मृगाच्या आधी लस घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. परिणामी दवाखान्यांत या लसीचा साठा येतो तो नेमका वैशाखाच्या वणव्यात. हा योग पुढे कसा महागात पडतो, ते लवकरच ध्यानात येईल.

त्याआधी एका नाजूक प्रश्नाचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल, कारण समाजातील अनेकांच्या मनात तो असतो. फ्लूच्या बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत वाढविला जातो. अंड्यांविना, पेशींच्या साहाय्याने लस करण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. परंतु जगभर आजही अंड्यांवर वाढविलेल्या लसीचेच प्रमाण मोठे आहे. ती घ्यावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून, आपल्या श्रद्धेला आणि गुरुजनांना विचारून ठरवावे. या व्यासपीठाने तो निर्णय करू नये. मात्र एवढे निश्चित, की जी लस तयार होण्यापूर्वीच इतका प्रश्न मागे ठेवून आली, ती कोणाच्या तरी हलगर्जीपणाने फ्रिजमध्ये निकामी व्हावी आणि नंतर कचऱ्यात जावी, यात जयणा नाही. त्याहून वाईट म्हणजे ती निकामी होऊनही टोचली जावी.

आता मूळ नियम. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात राहिली पाहिजे. कारखान्यापासून दंडापर्यंतच्या या अखंड थंड प्रवासाला शीतसाखळी म्हणतात. उष्णतेने लसीची शक्ती हळूहळू घटते आणि ही घट साचत जाते. आज अर्धा तास बाहेर राहिली, उद्या एक तास, तर पुन्हा थंड केल्याने गेलेली शक्ती परत येत नाही. हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते दुसरे टोक. ही लस गोठता कामा नये. एकदा गोठली की ती वापरायची नाही, असे उत्पादक माहितीपत्रकात स्पष्ट छापतात.

अनेक दवाखान्यांत 'जितके थंड तितके उत्तम' अशी समजूत आढळते आणि तिचे मूळ पोलिओच्या थेंबांत असावे. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस मोठ्या भांडारांतून शून्याखाली वीस अंशांवर गोठवूनच ठेवली जाते. तिला त्याने बाधा येत नाही. पल्स पोलिओच्या मोहिमांत वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांना बर्फ म्हणजे सुरक्षितता, अशी सवय लागली तर नवल नाही. परंतु एका लसीचा धर्म दुसऱ्या लसीला लागू होत नाही. मलमल आणि लोकर एकाच भट्टीत टाकू नये, हे कोणताही परीट सांगेल.

यासंबंधात एका तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखान्यात घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. मे महिन्यात तेथे फ्लूच्या बावीस भरलेल्या सिरिंजा आल्या. एका मात्रेची किंमत हजाराच्या वर. लहान गावच्या दवाखान्यासाठी ही रक्कम थोडी नव्हे. उकाडा असह्य होता, म्हणून घरगुती बनावटीच्या त्या फ्रिजची कळ कोणीतरी सर्वांत थंड आकड्यावर फिरवून ठेवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पहिला दमदार पाऊस झाला, हवा एकाएकी गार झाली. कळ मात्र वैशाखातल्याच आकड्यावर राहिली. फ्रिजमधली खोकी आत, मागच्या थंड पत्र्याला टेकून रचलेली होती. सकाळी आठ वाजता परिचारिकेने दार उघडले, तेव्हा मागच्या सहा सिरिंजांत बर्फाचे बारीक कण दिसले. तिने खोके टेबलावर ठेवले. पाऊण तासात बर्फ विरघळला आणि त्या सहा सिरिंजा उरलेल्या सोळांसारख्याच स्वच्छ दिसू लागल्या. पुन्हा खोक्यात ठेवल्या असत्या, तर कोणती कोणती हे तिलाही ओळखता आले नसते.

या ठिकाणी थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. धनुर्वाताची, त्रिगुणी किंवा कावीळ-ब ची लस गोठली असेल तर ते ओळखण्याची एक रीत आहे. त्या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठून वितळल्यावर त्याचे कण एकत्र येतात आणि बाटली हलवून ठेवली की ते भराभर तळाशी बसतात. मुद्दाम गोठविलेल्या बाटलीशेजारी संशयित बाटली ठेवून ही तुलना करतात. फ्लूच्या नेहमीच्या लसीत तो क्षार नसतो. त्यामुळे ही परीक्षा तिला लागूच होत नाही. सरकारी कार्यक्रमातील लसींच्या बाटलीवर वर्तुळात एक चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो. परंतु तो चौकोन केवळ उष्णतेचा साक्षीदार आहे, थंडीचा नव्हे. म्हणजे गोठून वितळलेली फ्लूची लस डोळ्यांनी, हलवून किंवा खुणेने ओळखण्याचा कोणताही मार्ग दवाखान्यात उपलब्ध नसतो. तिचा इतिहास फक्त दोघांना ठाऊक असतो : तापमापकाला आणि दार उघडणाऱ्या माणसाला.

जैन घरांतील गृहिणींना ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नसावी. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानणाऱ्या घरात, चौथ्या दिवशीचे पावसाळी पीठ दिसायला, वासाला उत्तम असते; तरीही ते वापरले जात नाही. ते पीठ कधी दळले, हे कोणीतरी लक्षात ठेवलेले असते आणि त्या आठवणीवर सर्वांचा विश्वास असतो.

त्या दवाखान्यातील परिचारिकेपुढे मात्र निराळीच अडचण उभी होती. मागील वर्षी तिच्या हातून एक कुपी फुटली होती आणि तिची किंमत पगारातून कापून घेण्यात आली होती. सहा सिरिंजांचे पैसे म्हणजे तिच्या महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा. अकरा वाजता पहाटफेरीच्या मंडळातील ज्येष्ठ नागरिक लस घ्यायला येणार होते. पाहणारे कोणी नव्हते. खोके पुन्हा आत ठेवून दार लावले असते तर विषय तेथेच संपला असता.

ती काही वेळ खुर्चीवर बसून राहिली. डॉक्टर साडेनऊला आले, तेव्हा तिने खोके त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "डॉक्टर, मागची सहा गोठली होती. आता पाणी झालंय, पण सकाळी आत बर्फ होता."

"आणि पुढची?"

"पुढच्यांत बर्फ दिसला नाही. पण रात्री काय झालं असेल, सांगता येत नाही."

डॉक्टरांचे पुढचे वागणे नंतर सांगू. आधी त्या फ्रिजकडे वळावे लागेल. खरा दोष त्याच्या आणि त्याच्या मालकाच्या व्यवस्थेत होता.

घरातला फ्रिज भाजी-दुधासाठी बनविलेला असतो. त्याच्या दारातले तापमान वारंवार वर जाते, बर्फाच्या कप्प्याखाली आणि मागच्या पत्र्यालगत ते शून्याखाली उतरू शकते आणि तळाच्या भाजीच्या खणाचा काही भरवसा नसतो. हॉटेलच्या खोलीत असतो तसला लहानसा, आतच बर्फाचा कप्पा असलेला फ्रिज लसीसाठी मुळीच चालत नाही. शक्य असेल तर लसीसाठी बनविलेले खास शीतकपाट घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट असते, ते वीज नसतानाही बराच काळ थंडी टिकवून धरते. ते परवडत नसेल तर लसीसाठी स्वतंत्र घरगुती फ्रिज ठेवावा आणि लस मधल्या फळीवर, मागच्या व बाजूच्या भिंतींपासून सुटी, हवा खेळेल अशी ठेवावी. रिकाम्या जागी व दारात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. पाणी तापमानाचा झोका सावरते, वीज गेल्यावर उष्णता रोखून धरते आणि दारात दुसरे काही ठेवण्याचा मोहही टाळते. डॉक्टरांचा डबा, कर्मचाऱ्यांचे ताक, कोणाच्या वाढदिवसाचा केक यांना त्या फ्रिजमध्ये जागा नसावी. याने कोणाचे मन दुखावले तरी चालेल. डब्यासाठी दिवसातून वीस वेळा दार उघडले जाते, हे ध्यानात ठेवावे.

फ्रिज भिंतीपासून वीतभर तरी पुढे असावा, ऊन येणाऱ्या खिडकीजवळ नसावा. त्याचा प्लग स्वतंत्र असावा आणि बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असे ठळक लिहावे. फरशी पुसणाऱ्या बाईने झाडू मारताना पाय लागून बटण बंद केले आणि रविवार मध्ये आला, एवढ्या साध्या कारणाने साठेच्या साठे फुकट जातात. भारनियमनाच्या काळात दवाखान्यांनी जनित्रे घेतली, इन्व्हर्टर घेतले. पण फ्रिज त्या इन्व्हर्टरवर जोडला आहे की नाही, हे अनेकांनी तपासलेले नसते. वीज गेली तर पहिला नियम दार न उघडण्याचा. 'थंड आहे का बघूया' म्हणून उघडलेले दार हीच खरी हानी होय.

आणि तापमापक. फ्रिजच्या दाराबाहेर झळकणारा आकडा हा पुरावा नव्हे. लसीशेजारी, खोक्यांच्या मध्ये ठेवलेला, किमान व कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक हवा. त्याहून उत्तम म्हणजे दर काही मिनिटांनी नोंद करणारे उपकरण. त्याची संवेदक काडी ग्लायकॉलसारख्या द्रवाच्या लहान कुपीत बुडविलेली असते, म्हणजे दार उघडल्याबरोबर हवेचा आकडा न दाखविता ते लसीच्या द्रवाचे तापमान दाखविते. २०१५ पासून भारत सरकारने 'ईविन' या व्यवस्थेत आपल्या शीतकेंद्रांच्या तापमानावर दुरून लक्ष ठेवण्याची सोय केली. फ्लूची लस मात्र राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ती मुख्यतः खाजगी वितरक, औषधाचे दुकान आणि खाजगी दवाखाना या वाटेने येते. तेथे लक्ष ठेवणारे असे सरकारी यंत्र नसते. तेथे एक वही असते, किंवा तीही नसते.

सकाळी उघडताना आणि रात्री बंद करताना, दिवसातून दोनदा, किमान व कमाल आकडा वहीत लिहावा आणि खाली सही करावी. व्यापाऱ्यांना रोजमेळ म्हणजे काय हे सांगावयास नको. महिनाअखेरीस बसून सगळ्या दिवसांचे '४ अंश, ४ अंश' एकाच शाईने भरलेले पान कोणत्याही मुनीमाला दुरूनच ओळखू येते. खऱ्या वहीत आकडे हलतात, शाई बदलते, कधी एखादी खाडाखोड असते.

साठ्याचा क्रमही व्यापारी पद्धतीचाच, पण एका फरकासह. दुकानात जुना माल आधी काढतात. येथे ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढावा, मग तो कालच आलेला का असेना. गेल्या हंगामातील उरलेली लस, ती कितीही उत्तम थंडीत राहिली असली तरी, नव्या हंगामात टोचायची नाही, कारण विषाणूच बदललेला असतो. शिवाय सारख्या दिसणाऱ्या खोक्यांच्या लसी एकाच ट्रेमध्ये मिसळू नयेत. प्रत्येक लसीला वेगळा ट्रे, वर मोठ्या अक्षरांत नाव. प्रकाशाचाही तिला त्रास होतो, म्हणून मूळ खोक्यातून ती टोचण्याच्या क्षणीच काढावी. गर्दी होणार म्हणून दहा सिरिंजा आधीच काढून टेबलावर रांगेत मांडणे सोयीचे वाटते, पण तो प्रकार टाळावा.

फ्रिजइतकाच धोका रस्त्यावर असतो. बऱ्याच गावांत डॉक्टर चिठ्ठी देतात, रुग्ण दुकानातून लस विकत घेतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन बर्फाच्या तुकड्यांसह ती दवाखान्यात आणतो. वाटेत बँकेचे काम उरकतो, भाजी घेतो. त्या पिशवीतील बर्फ केव्हा वितळला, हे कोणालाच ठाऊक नसते. शक्यतो लस दवाखान्यातच साठविलेली असावी. ते होत नसेल तर दुकानातून थेट दवाखान्यात, थर्मासच्या डब्यात आणावी. शिबिरासाठी चार आईसपॅक बसणारा लसवाहक डबा वापरतात. त्यात एक खुबी आहे. बर्फाच्या कप्प्यातून नुकताच काढलेला आईसपॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो तसाच डब्यात ठेवला तर शेजारची लस गोठते. म्हणून आईसपॅक आधी बाहेर ठेवावे, त्यांना घाम सुटू द्यावा आणि कानाशी धरून हलविल्यावर आत पाणी खळखळले की मगच डब्यात भरावे. कार्यकर्त्यांची नेहमी तक्रार असते की या खटाटोपात शिबिर सुरू व्हायला अर्धा तास उशीर होतो. पाहुणे आणि हारतुरे यांसाठी होणाऱ्या उशिराविषयी मात्र तशी तक्रार ऐकू येत नाही. शिबिर संपल्यावर सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच जाव्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी तसे बंधन घातले आहे.

इतके करूनही चूक होईल. वीज जाईल, दार अर्धवट उघडे राहील. तेव्हा काय करावे? बहुतेक ठिकाणी दोनच मार्ग डोळ्यांपुढे येतात : गुपचूप वापरणे किंवा घाबरून फेकून देणे. तिसरा मार्ग योग्य असतो. संशयित साठा २ ते ८ अंशांतच, पण वेगळ्या पिशवीत ठेवावा, वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावावी. तापमान किती झाले, किती वेळ, केव्हा लक्षात आले हे लिहून उत्पादक कंपनीकडे विचारणा करावी. उष्णतेच्या थोड्या झळीनंतर ती लस अजून वापरता येईल की नाही, हे कंपनी आपल्या चाचण्यांच्या आधारे सांगू शकते. गोठलेल्या लसीबाबत मात्र विचारण्यासारखे काही उरत नाही. कापडाच्या धंद्यात डागी तागा 'सेकंड' म्हणून कमी भावात खपतो. लसीत 'सेकंड' नसते. ज्याला निकामी लस टोचली, तो स्वतःला सुरक्षित समजून गर्दीत, लग्नात, यात्रेत निर्धास्त वावरतो. त्याला ताप येईल तेव्हा 'यंदा लस लागू पडली नाही' असे म्हणून सगळे विसरतील. फ्रिजवर कोणाचाच संशय जाणार नाही.

आता त्या दवाखान्याकडे परत. डॉक्टरांनी तापमापक पाहिला. तो साधा होता. किमान आकडा लक्षात ठेवणारा नव्हता. त्यामुळे पुढच्या सोळा सिरिंजांना रात्री किती थंडी बसली, हे कळण्याचा मार्गच नव्हता. दीडशे-दोनशे रुपयांची काटकसर आता पंचवीस-तीस हजारांच्या प्रश्नाला येऊन भिडली होती. त्यांनी बावीसच्या बावीस बाजूला काढल्या. अकरा वाजता मंडळी आली, तेव्हा त्यांना कारण सांगून चार दिवसांनी येण्याची विनंती केली. एका आजोबांनी सिरिंज हातात घेऊन उजेडात पाहिली आणि म्हणाले, "दिसते तर चांगली की हो. टोचून टाका, माझं वय काय राहिलंय?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचं वय आहे म्हणूनच नाही टोचत." दोघे-तिघे कुरकुरत गेले, त्यांतील एक पुन्हा आला नाही.

वितरकाने माल परत घेण्यास नकार दिला. त्याचा काही दोषही नव्हता. दवाखान्याने तो तोटा सोसला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी परिचारिकेला बोलावून मागील वर्षी कापलेली रक्कम परत दिली आणि यापुढे लसीच्या नुकसानीपोटी कोणाच्याही पगाराला हात लावायचा नाही, असे हिशेबनिसाला सांगितले. हे औदार्य नव्हते, निव्वळ व्यवहार होता. कपात चालू राहिली असती तर पुढच्या वेळी खोके निमूटपणे आत गेले असते आणि फ्रिजची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

किमान-कमाल तापमापक दुसऱ्याच दिवशी आला. फ्रिजच्या कळीशेजारी एक कागद चिकटविण्यात आला : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांसाठी तीन वेगळे आकडे, आणि कळ फिरविण्याचा अधिकार फक्त एका व्यक्तीला. नवी लस गुरुवारी आली. वहीत त्या जूनच्या तारखेला लाल शाईने एवढेच लिहिले आहे : 'बावीस मात्रा रद्द. रात्रीचे किमान तापमान अज्ञात.' खाली दोन सह्या आहेत, पहिली परिचारिकेची.